दुपारच्या बर्गरबरोबर ताक ठेवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

विश्रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पूर्वी झेरॉक्सचे दुकान होते त्या गाळ्यात, बर्गरचे नवे हॉटेल निघाले आहे. हॉटेलचे नाव मुद्दाम देत नाही. मला त्याची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. गल्लीत त्याच्यावर रोज बोलणे चालते. माझ्या वयाच्या माणसांना वाटते, पोरांची तोंडे बिघडवायला आणखी एक दुकान आले. पोरांना वाटते, पुण्यात मिळते ते आता इथेही मिळायला लागले, बस्स. दोघांनाही मी एकच विचारते: तिथे कोणी जेवायला गेला होतात का? दुपारी साडेबारा-एकला, पोटात कावळे ओरडत असताना? संध्याकाळी फिरायला बाहेर पडून चार घास खाणे निराळे आणि दुपारचे जेवण निराळे.

मी जेवायला गेले होते. माझे मत असे झाले की बर्गर हे दुपारचे चांगले जेवण होऊ शकते, आणि आपल्या सांगलीत तर ते सहज होऊ शकते. पण आज तो ज्या जोडीने विकतात, म्हणजे बटाट्याचे फ्राईज आणि गोड कोल्ड्रिंक, त्या जोडीने त्याचे जेवण होत नाही. ती जोडी बदलावी एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी याच भागात खानावळ चालवत होते. वालचंद आणि विलिंग्डन ही दोन्ही कॉलेजे जवळ, त्यामुळे जेवणाऱ्या मुलांची वाण कधी पडली नाही. जत-आटपाडीची, सांगोला-पंढरपूरची, कोकणातली, लातूर-नांदेडकडची मुले असायची. सगळी मला मावशी म्हणायची. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुले गावी गेली आणि ती परत आली तोवर माझ्या गुडघ्यांनी साथ सोडली, म्हणून खानावळ बंद केली. पण दुपारच्या जेवणाकडे बघायची नजर काही बंद झालेली नाही. दोन वाजता ज्याला प्रॅक्टिकलला उभे राहायचे आहे, त्याच्या ताटात काय हवे हे मला पुस्तकाने नाही, रोजच्या ताटांनी शिकवले. भात जास्त आणि आमटी पातळ झाली, की साडेतीन वाजता तीच मुले दारात येऊन ‘मावशी, काही आहे का?’ विचारायची. मटकीची उसळ किंवा आख्खा मसूर असला, की रात्रीच्या जेवणापर्यंत कोणी फिरकायचे नाही. म्हणून २०१५ मध्ये दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हाही मी आमटीत पाणी वाढवले नाही. तुरीच्या जागी मसूर घातला, पण कडधान्य ताटातून हलू दिले नाही.

तर जूनच्या सुरुवातीला, नवी मुले गावात यायच्या आधी, मी आणि माझ्या जाऊबाई त्या हॉटेलात गेलो. जाऊबाई शाकाहारी, मी दोन्ही खाते. दुकानावरची पाटी मराठीत, ठळक अक्षरात आहे, ते छान वाटले. आतला मेनू मात्र पूर्ण इंग्रजीत. जाऊबाईंना प्रत्येक नाव विचारून घ्यावे लागले. काउंटरवरच्या मुलीने न कंटाळता सगळे सांगितले, पण पाटी मराठीत लावली तर आतला फळा मराठीत लिहायला काय हरकत आहे? बसायला उंच स्टुले आहेत, ती म्हाताऱ्या माणसांच्या कामाची नाहीत. भिंतीकडेला एक बाकडे होते, तिथे बसलो.

जाऊबाईंनी आलू टिक्कीचा बर्गर घेतला, मी चिकनचा. ‘व्हेजचा तवा वेगळा आहे का?’ हे जाऊबाईंनी आधी विचारले. मुलगी म्हणाली, ‘या की काकू, बघाच.’ आणि खरेच आत नेले. हे मला मनापासून आवडले. स्वयंपाकघर दाखवायला जो कचरत नाही त्याच्याकडे मी निर्धास्त जेवते. दोन तवे, दोन उलथणी, दोन कढया वेगळ्या होत्या. कांदा-टोमॅटो चिरायच्या फळ्याही वेगळ्या.

पाव उत्तम. गावातल्याच एका बेकरीतून रोज सकाळी येतो. वर तीळ, आतल्या बाजूने लोण्यावर भाजलेला, बोटाने दाबला की पुन्हा फुलून वर येणारा. शिळा पाव दाबला की दबलेलाच राहतो आणि मोडताना भुगा पडतो. हा तसा नव्हता. टिक्कीही ज्याने केली त्याला बटाटा कळतो. बटाटा सालीसकट उकडून पूर्ण गार होऊ दिला होता आणि मग किसला होता. गरम असतानाच कुस्करला तर त्याची खळ होते आणि टिक्की टाळूला चिकटते. बांधायला भिजवलेले पोहे घातले होते आणि बाहेरचा चुरा आदल्या दिवशी उरलेल्या पावाचा. काही वाया न घालवणारा हात आहे, हे ओळखू आले. मेयोनीजमध्ये हिरव्या मिरचीचा खर्डा कालवला होता. मेयोनीज कसले, हेही विचारले. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये बंदी आणली, ते पेपरात वाचल्यापासून मी विचारते. इथले बिनअंड्याचे निघाले.

सर्वांत जास्त मी तेल पाहिले. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की ते काळवंडते, घट्ट होते, त्यावर बारीक फेस धरतो आणि पूर्वीपेक्षा लवकर धूर सोडायला लागते. खाणाऱ्याला चवीत कळेलच असे नाही, कारण वरून मसाला आणि सॉस असतो. देशभरात १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तळणाच्या तेलात खराब होऊन तयार झालेल्या घटकांचे, ज्याला टोटल पोलर कम्पाउंड्स म्हणतात त्यांचे, प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल स्वयंपाकात वापरायचे नाही. या मुलांचे तेल स्वच्छ सोनेरी होते. काम करणारा जतकडचा मुलगा म्हणाला, ‘एक दिवसाआड बदलतो मावशी, रोज रात्री गाळून ठेवतो.’ गाळणे महत्त्वाचे आहे, कारण तळाशी बसलेला चुराच जळून तेल खराब करतो. बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबरही होता. तो छापणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे, पण किती हॉटेलांच्या बिलावर दिसतो ते वाचकांनीच पाहावे.

इथपर्यंत सगळे चांगले. मग मुलगी म्हणाली, ‘मावशी, कॉम्बो घ्या, परवडतो.’ कॉम्बो म्हणजे बर्गर, फ्राईज आणि ग्लासभर कोल्ड्रिंक, १८० रुपयांना. शेजारच्या टेबलावर तीन-चार मुले बसली होती, पाठीवर क्लासची दप्तरे, सगळ्यांच्या पुढ्यात कॉम्बोच. माझे सगळे लक्ष त्या ताटल्यांकडे गेले. पाव मैद्याचा, आत बटाटा, बाजूला तळलेला बटाटा आणि वर साखरेचे पाणी. खानावळीत मी मुलाला नुसता भात, बटाट्याची भाजी आणि काकवी वाढून ‘जेव’ म्हटले असते, तर त्याच्या आईने मला दोन शब्द ऐकवले असते. पोट त्या वेळेपुरते गच्च भरते, झोप येते आणि चारला पुन्हा खा-खा सुटते. बटाट्यात १०० ग्रॅममागे जेमतेम दोन ग्रॅम प्रथिने असतात. वाढत्या वयाच्या पोराचे त्यावर काय भागणार?

कोल्ड्रिंकचे तर मला फारच वाईट वाटते. बाटलीमागचा बारीक अक्षरातला तक्ता वाचा: अशा गोड पेयांत १०० मिलीलिटरला साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलीच्या ग्लासात तीस ग्रॅमच्या वर, सहा चहाचे चमचे भरून. वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे. इथे एका जेवणातल्या एका ग्लासातच ती ओलांडली. पोराने वाढदिवसाला प्यायले तर मी काही म्हणणार नाही. पण रोजच्या जेवणाशी ते बांधून देऊ नये. सोमवार ते शनिवार कॉम्बो खाल्ला तर महिन्याचे सव्वीस दिवस धरून ४,६८० रुपये होतात, तेही फक्त दुपारचे. आमच्या भागातल्या बऱ्याच खानावळींत त्याहून कमी पैशांत दोन्ही वेळचे जेवण होते. गावाकडून पैसे पाठवणाऱ्या बापाला हा हिशोब माहीत नसतो.

जेवण झाल्यावर मी मालकाशी बोलले. मालक म्हणजे पोरसवदाच. तासगावकडचा, घरी द्राक्षबाग. पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काही वर्षे काम केले आणि परत आला. आपली किती पोरे शिकून पुण्याला जातात आणि तिकडचीच होतात, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. एकजण हातात कला घेऊन परत येतो, स्वतःच्या जिल्ह्यात गाळा भाड्याने घेतो, गावातल्या बेकरीचा पाव घेतो, दोन पोरांना आणि एका शिकत्या मुलीला काम देतो, तर त्याला नुसती नावे ठेवून कसे चालेल? त्याने चांगले करावे म्हणून त्याला खरे सांगणारे गिऱ्हाईक मिळायला हवे.

मी त्याला म्हटले, ‘फ्राईज राहू देत, ज्याला हवे तो घेईल. पण दुपारी बारा ते तीन एक जेवणाचा बर्गर ठेव. बर्गर, वाटीभर काकडी-टोमॅटोची कोशिंबीर दाण्याचे कूट घालून, आणि पेलाभर ताक.’

तो म्हणाला, ‘मावशी, बर्गरबरोबर ताक कोण मागणार ओ?’

‘तू ठेवल्याशिवाय कोण मागणार?’

मग त्याने खऱ्या अडचणी सांगितल्या, आणि त्या मी गंभीरपणे ऐकल्या, कारण धंदा मीही केला आहे. पहिली अडचण, कोल्ड्रिंकवाल्यांनी फ्रीज दिला आहे आणि त्यात दुसरे काही ठेवायचे नाही अशी अट आहे. बऱ्याच छोट्या हॉटेलांचे असेच असते. फ्रीजला पैसे घालायला नकोत म्हणून पोरे ही अट मान्य करतात आणि मग जेवणाच्या ताटात काय असावे हे फ्रीज देणारा ठरवतो. दुसरी अडचण, ताक दुपारी तीनपर्यंत आंबते. तिसरी, कोल्ड्रिंकमध्ये सुटतात तेवढे पैसे ताकात सुटतील का?

यातल्या दोन अडचणी मी तिथेच सोडवून दिल्या. ताकाला फ्रीज लागत नाही. स्टीलची झाकणाची कॅन घ्यायची, ती बर्फ घातलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवायची आणि सगळे ताक एकदम घुसळायचे नाही. दही आत गार ठेवून बाराला एकदा, दीडला एकदा असे दोन वेळा करायचे, म्हणजे शेवटच्या गिऱ्हाइकालाही गोडसर मिळते. आंबते ते सकाळी आठला करून ठेवलेले. मीठ, जिरेपूड, थोडे आले आणि कोथिंबीर आयत्या वेळी घालायची, कारण मीठ घालून ठेवलेल्या ताकाचे पाणी वर सुटते. एक किलो दह्यात दहा-बारा पेले ताक होते. दह्याचा आजचा भाव धरला तरी पेला दहा रुपयांच्या आत पडतो. पंधराला विकला तरी घाटा नाही. आणि हे पैसे गावातल्या डेअरीला जातात. कृष्णाकाठच्या या जिल्ह्यात दुधाला तोटा नाही. इथल्या हॉटेलात दुपारी ताक मिळू नये हे मला पटत नाही.

फ्राईज गोठवलेले, पाकिटातले असतात. मी विचारले, शेजारच्या साताऱ्यात खटावकडे बटाटा पिकतो, तो का नाही? त्याचे उत्तर बरोबर होते. बाजारातल्या साध्या बटाट्यात, विशेषतः शीतगृहात राहिलेल्यात, साखर जास्त उतरते आणि तळला की तो काळपट पडतो. फ्राईजसाठी वेगळ्या जातीचा बटाटा लावतात. ते मला मान्य आहे. म्हणून मी फ्राईज बदल म्हणत नाही, जेवणाशी बांधू नको म्हणते.

आणखी एक गोष्ट मी त्याला जरा कडक शब्दांत सांगितली. टेबलावर पिण्याच्या पाण्याचा जग नव्हता. पाणी हवे तर बाटली घ्यायची. मुलाने बाटली छापील किमतीलाच दिली. हॉटेलांनी छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तरी चालते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे, पण याने ते केले नाही. तरीही मला हे चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा गावभाग-खणभागातली माणसे अंगावरच्या कपड्यांनी आमच्या बाजूला आली. खानावळीत आम्ही मोठमोठी पातेली चढवून खिचडी केली. आलेला प्रत्येकजण ताटाच्या आधी पाणी मागत होता. तेव्हापासून जेवायला बसलेल्या माणसापुढे पाण्याचा तांब्या नसेल, तर मला घास जात नाही. फिल्टर बसवलेला आहेच, आतली मुले तेच पाणी पितात. स्टीलचा जग आणि चार पेले बाहेर ठेवायला खर्च नाही. तो म्हणाला, ‘उद्या ठेवतो.’ नंतर दुसऱ्या कामाने तिकडून गेले तर जग ठेवलेला दिसला. मला फार बरे वाटले.

आता मसुराबद्दल. वाळवा तालुक्याकडच्या, कराड-कोल्हापूर रस्त्यावरच्या धाब्यांवर आख्खा मसूर खायला लोक लांबून येतात. कांदा-लसूण चटणी घालून परतलेला आणि रोटीबरोबर खाल्लेला तो मसूर माहीत नाही असा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही. सुक्या मसुरात १०० ग्रॅममागे चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. मग त्याचीच टिक्की पावात का नको? बटाट्याच्या जागी मसूर आला की तोच बर्गर जेवण होतो. मी घरी करून पाहिली, डब्यात घालून त्याच्याकडे नेली, त्याने स्वतःच्या पावात, स्वतःच्या खर्ड्याच्या मेयोनीजबरोबर खाऊन पाहिली. खाताना गप्प होता. मग आतल्या मुलाला हाक मारून अर्धी त्याला दिली. म्हणाला, ‘मावशी, ही तळायची नाही, तव्यावरच कडक करायची.’ ते त्याचे बरोबर होते. मसुराची टिक्की तळली की तेल पिते.

काहीजण म्हणतील, बर्गरमध्ये मसूर आणि बरोबर ताक, मग तो बर्गर कसला? त्यांना एवढेच सांगते. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्सने भारतात दुकाने काढली. ज्या गोमांसाच्या बर्गरवर अमेरिकेत त्यांचा धंदा उभा राहिला, तो त्यांनी इथे आणलाच नाही. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थ करायच्या जागा वेगळ्या ठेवल्या आणि पुढे बटाट्याची टिक्की पावात घालून तीच सगळ्यांत जास्त लोकांच्या तोंडी बसवली. एवढी मोठी परदेशी कंपनी इथल्या माणसाच्या ताटाकडे बघून आपला पदार्थ बदलते. मग तासगावच्या पोराने सांगलीच्या दुपारसाठी तो आणखी थोडा बदलला, तर कुणाचे काय बिघडले? वडापाव बरा की बर्गर बरा या वादात मला रस नाही. माझ्या पुढ्यात एक भुकेला विद्यार्थी आणि एक मेहनती हॉटेलवाला आहे, त्या दोघांचे भले मला बघायचे आहे.

हे मी एकाच हॉटेलसाठी लिहीत नाही. शंभर फुटी रस्त्यावर, कॉलेज कॉर्नरला, मिरजेच्या दवाखान्यांच्या आसपास अशी पाव-पदार्थांची दुकाने वाढत आहेत. मिरजेला तर रुग्णाजवळ बसलेले नातेवाईक दुपारी मिळेल ते खातात. त्यांना बसल्या जागी पटकन खाता येईल, पोटाला आधार होईल आणि पैशाला परवडेल असे काही हवे असते. बर्गर हातात धरून खाता येतो, सांडत नाही, वेळ लागत नाही, हे त्याचे मोठे गुण आहेत. मी ते नाकारत नाही. उलट याच गुणांमुळे तो जेवण म्हणून नीट व्हावा असे मला वाटते.

महाविद्यालयांच्या प्रमुखांनाही विनंती आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांना वसतिगृहाची आणि फीची माहिती देता, तशी जवळच्या खानावळींची आणि स्वच्छ हॉटेलांची यादीही द्या. आणि ती करताना एकदा आत जाऊन तळणाचे तेल बघून या. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी दिवाळीच्या सुमारास मिठाईच्या दुकानांत जातात, ते चांगलेच आहे. पण मुले तळलेले खातात ती वर्षभर. जून-जुलैमध्ये, नवी मुले येतात तेव्हा, कॉलेजांच्या आसपासच्या कढया एकदा तपासल्या तर पालक दुवा देतील.

मालकाने मला शब्द दिला आहे की कॉलेजे सुरू झाली की दुपारचा मसूर बर्गर ताकासह फळ्यावर लिहीन, आणि मराठीत लिहीन. फ्रीजवाल्यांशीही तो बोलणार आहे. त्याचे काय होते ते पाहू.

दुसऱ्या कुणा हॉटेलवाल्याला किंवा खानावळीवाल्या बाईला करून पाहायचे असेल तर प्रमाण देते. एक वाटी आख्खा मसूर चार-पाच तास भिजवावा. बेताच्या पाण्यात दोन शिट्ट्या काढाव्यात, जास्त नाही. दाणा मऊ व्हावा पण फुटून गाळ होऊ नये. पाणी चाळणीवर पूर्ण निथळू द्यावे आणि ते आमटीला ठेवावे, ओतून देऊ नये. अर्धा मसूर ठेचावा, अर्धा तसाच ठेवावा. त्यात उकडून गार केलेला एक मध्यम बटाटा, अर्धी वाटी भिजवून पिळलेले पोहे, बारीक चिरून परतलेला एक कांदा, दोन चमचे कांदा-लसूण चटणी आणि मीठ. चटणीत मीठ असते, तेव्हा वरून बेतानेच घालावे. टिक्क्या थापून अर्धा तास गार ठेवाव्यात, नाहीतर तव्यावर फुटतात. एवढ्यात पावाच्या आकाराच्या सहा होतात. मंद आचेवर, थोड्या तेलावर, एक बाजू पूर्ण कडक झाल्याशिवाय उलटू नये.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त खानावळवाली मावशी
विश्रामबाग, सांगली